चारोळीला दिलेली सूट

मुंबई,
२८ मार्च १९३८

प्रिय हिंमतराव,

सप्रेम नमस्कार. घरी सगळी माणसे खुशाल असतील असे धरून चालतो. गहू घरात आला का? विहिरीचे पाणी किती खाली गेले? पाकिटावर ब्राह्मणपुरीचा पत्ता लिहिताना मला दर वेळी तुझ्या ओट्यावरची ती कुरकुरणारी बाज आठवते. तिच्यावर बसून आपण दोघांनी किती सरकारे उलथवली. आता आपलेच सरकार आले आहे आणि मी त्यात बसलो आहे. बसायला गादीची खुर्ची आहे, पण मोकळेपणाने दोन शब्द बोलावे असा माणूस नाही.

मागच्या पत्रात तू टोमणा मारला होतास, "काय करी ऱ्हायना तू तठे? महिनाभरथून पेपरमा तुन्हं नाव दिखनं नही." खरे आहे. कारण मी जिथे बसतो तिथे बातमीदारांना येऊ देत नाहीत.

मला करविधेयकाच्या सिलेक्ट कमिटीवर घेतले आहे. हे काय प्रकरण आहे ते तुला नीट सांगतो, कारण इथे येण्यापूर्वी ते मलाही ठाऊक नव्हते. सभागृहात भाषणे होतात, टाळ्या वाजतात, ते सगळे तू वाचतोस. पण कर तिथे ठरत नाही. सभागृह विधेयकाची एकदा चर्चा करते आणि ते अकरा माणसांच्या स्वाधीन करते. ती अकरा माणसे बंद खोलीत बसून एकेक कलम वाचतात. कोणाकडून घ्यायचे, किती घ्यायचे, कोणाला सोडायचे, हे त्या खोलीत ठरते. मग अहवालावर सह्या होतात, आणि अहवाल सभागृहात परत गेला की बहुतेक जसाच्या तसा मंजूर होतो. इंग्लंडात राजाच्या हातून पैशाची थैली काढून घ्यायला लोकांना कित्येक पिढ्या लागल्या, एका राजाचे डोके उडवावे लागले, हे आपण शाळेत घोकले होते ना? ती थैली आज या टेबलावर ठेवलेली असते, आणि टेबलाशी तुझा मित्र बसलेला असतो. बोलून दाखवायची सोय नाही, पण छाती भरून येते.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. माझी पाळी आली तसा मी सवयीने उठून उभा राहिलो, खांद्यावरचे उपरणे सारखे केले आणि "सभापती महाराज" म्हणून सुरुवात केली. अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "रिखबचंदजी, बसून बोला. खोली लहान आहे, सगळ्यांना ऐकू येतं." सगळे हसले. मीही हसलो. पण खरे सांगतो, बसून बोलताना माझे शब्द मलाच परके वाटतात.

विधेयक असे आहे. सरकार दारूची दुकाने बंद करीत आहे. त्याने जो महसूल बुडेल तो कुठून तरी भरून काढायचा. म्हणून बाजारातल्या व्यापारावर कर. प्रत्येक दुकानदाराने काय घेतले, काय दिले, कोणत्या भावाने, हे नोंदवून सरकारी अधिकाऱ्याला दाखवायचे आणि त्यावर रुपयामागे ठरलेला कर भरायचा. सातव्या कलमात लिहिले होते की व्यवहार रोखीचा असो किंवा मालाच्या बदल्यात मालाचा असो, दोन्हींची नोंद आणि दोन्हींवर कर.

ते वाचताच सातपुड्यातली माणसे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. गेल्या वैशाखातली. त्यांचा पुढारी जामसिंग अकरा गावांच्या लोकांना घेऊन तळोद्याच्या नदीत वाळूवर बसला होता. चारोळीने भरलेल्या टोपल्या समोर, आणि विकायचे नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. मापाला माप मीठ घेऊन चारोळी द्यायची नाही, रोकड पाहिजे. फुलीबाई सगळ्यांत पुढे बसली होती. तू पाण्याची सोय केली होतीस आणि मी तिन्ही बाजारांना बोललो होतो. शेवटी दुकानदारांनी पैसे मोजले. माझे थोरले भाऊ सुमेरमल, म्हणजे भाईसा, यांनी सगळ्यांच्या शेवटी.

तर मी सातव्या कलमावर बोललो. बसूनच बोललो, पण बोललो. म्हटले, जी बाई चार कोस डोंगर उतरून टोपलीभर चारोळी आणते आणि मिठाची पुरचुंडी घेऊन वर जाते, तिच्या टोपलीत सरकारने हात घालायचा का? पैसा ज्यांनी धड पाहिलेला नाही त्यांच्या देवघेवीवर कर बसवणारे आपण कोण? अर्धा तास बोललो. कोणी मध्ये तोंड घातले नाही. अदलाबदलीच्या व्यवहाराला पूर्ण सूट मिळाली. नोंद नाही, कर नाही. अकरांपैकी नऊ माझ्या बाजूने. रमिलाबाई म्हणून गुजरातेतल्या एक वयस्क सभासद आहेत, बैठकीत टकळीवर सूत काढत बसतात. त्यांनी काहीतरी विचारले, त्याला मी उत्तर दिले. अहवालावर सह्या झाल्या.

जामसिंगला सांग, या हंगामात त्याच्या लोकांच्या टोपलीवर कर नाही. एवढे मी करू शकलो.

भाईसा मध्यंतरी मुंबईस आले होते. दोन दिवस माझ्या खोलीवर राहिले. भाभीने केर-सांगरीची भाजी आणि पापड पाठवले होते. त्यांची प्रकृती ठीक आहे. बाकी विशेष काही नाही.

दोन दिवसांपासून घसा बसला आहे. हवेने असेल.

तुझा,
रिखबचंद


मुंबई,
१६ एप्रिल १९३८

हिंमतराव,

नमस्कार. तुझे कार्ड परवा मिळाले. उघडे कार्ड, म्हणजे पोस्टमनने वाचले, खानावळवाल्याने वाचले, आणि मग मी. तू रागावलास की शाळेतली मराठी टाकून घरच्या बोलीत लिहितोस हे मला ठाऊक आहे.

"शेट, तुन्ही सूट पोचनी. पहिलाच बाजारले समदा दुकानदारसनी रोकड बंद करी टाकी. तुन्हा भाऊ म्हनस, सरकारनीच सांगेल शे, पैसा दिधा त कर, मीठ दिधं त कर नही, मंग मी पैसा कसाले देऊ? फुलीबाईनी दोन पायली चारोळी दोन पायली मीठले दिधी आनि काही न बोलता चालनी गई. जामसिंग इचारस, हाई सूट कोन्हाकरता शे?"

हे कार्ड मी दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो.

आधी तुझाच राग आला. 'शेट' म्हणालास. बावीस वर्षांत तू मला शेट म्हटले नव्हतेस, धुळ्याच्या तुरुंगात एका घोंगडीवर झोपलो तेव्हाही नाही. मनात तुला खूप बोललो. कायदा अजून झालेला नाही. अहवाल नुसता छापला गेला आहे. व्यापारी मंडळाच्या कोणीतरी तळोद्याला तार केली आणि दुकानदारांनी हवे ते कारण पुढे केले, त्यात माझा काय दोष? चांगल्या कलमाचा कोणी वाईट उपयोग केला तर ते कलम वाईट होते का? अशी उत्तरे मी रस्त्याने चालताना देत होतो. गिरगावात एक गृहस्थ थांबून माझ्याकडे बघू लागले, तेव्हा कळले की मी मोठ्याने बोलत होतो.

मग खोलीवर येऊन विधेयकाचा मूळ मसुदा काढला आणि सातवे कलम पुन्हा वाचले. यापूर्वी मी ते बोलण्यासाठी वाचले होते. या वेळी दुकानाच्या गादीवर बसल्यासारखे वाचले.

मूळ कलमाप्रमाणे काय झाले असते ते ऐक. दुकानदाराने एक पायली मीठ देऊन एक पायली चारोळी घेतली की त्याला लिहावे लागले असते: दिले मीठ, त्याची किंमत इतकी, घेतली चारोळी, तिची किंमत इतकी. एका ओळीत, शेजारी शेजारी. खाली सही. आणि ते अधिकाऱ्याने वाचले असते. चारोळी मुंबईच्या बाजारात कोणत्या भावाने जाते हे त्या अधिकाऱ्याला कळायला काय वेळ लागला असता? आजवर इतक्या वर्षांत ही ओळ कुठेही लिहिली गेलेली नाही. जामसिंग तीन बाजार उन्हात वाळूवर बसला ते यासाठीच ना? ते या कलमात आयते येऊन पडले होते, आणि कर तर दुकानदाराने भरायचा होता, फुलीबाईने नव्हे. मी सूट मागितली आणि ती ओळ खोडून टाकली. वर रोकडीवर कर ठेवला. म्हणजे मीठ देणाऱ्याला बक्षीस आणि पैसा देणाऱ्याला दंड.

आता रमिलाबाईंनी काय विचारले होते ते सांगतो. मागच्या पत्रात मी ते लिहिले नाही.

टकळी थांबवून त्या म्हणाल्या, "भाई, ही सूट कोणाला? ती बाई तर कर भरतच नाही. भरणार दुकानदार. तुमच्या तळोद्यात मीठ देऊन चारोळी घेणारी दुकानं कोणाची?"

साधा प्रश्न होता. मी काय केले असेल? मी मिठावर बोललो. सन तीसमध्ये आपण मीठ उचलले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो, गरिबाच्या चिमूटभर मिठावर ज्या सरकारने कर लावला त्याची नक्कल आपण करायची का, वगैरे. तुला माहीत आहे मी हे कसे बोलतो. दोघा सभासदांच्या डोळ्यांत पाणी आले. रमिलाबाईंनी मान खाली घातली आणि सूत काढायला लागल्या. प्रश्न तसाच राहिला. मी तुला लिहिले की उत्तर दिले. ते उत्तर नव्हते.

काल पक्षाच्या प्रतोदांकडे गेलो. म्हटले, सातव्या कलमातली सूट काढण्याची दुरुस्ती मला सभागृहात मांडू द्या. ते नुकतेच जेवून उठले होते, सुपारी कातरत होते.

"सूचना कोणाची होती?" ते म्हणाले.

"माझी."

"भाषण?"

"माझेच."

"सही?"

"तीही माझीच."

"आणि आता दुरुस्तीही तुमचीच. रिखबचंदजी, लोक नाटक बघायला पैसे देतात, तुम्ही फुकट दाखवता." मग हसणे थांबवून म्हणाले, "सही केल्यावर भिन्नमत जोडायला तीन दिवस होते. तेव्हा तुम्ही सत्कार घेत हिंडत होतात. सर्वांनी अहवालाच्या बाजूने मत द्यायचं असा पक्षाचा आदेश आहे. विरुद्ध गेलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा."

विधेयक पंचवीस तारखेला सभागृहापुढे येते. दुरुस्तीची सूचना दोन दिवस आधी कचेरीत द्यावी लागते. म्हणजे माझ्याकडे सात दिवस आहेत. द्यावी की न द्यावी, यापलीकडे मला सध्या काही सुचत नाही. पक्ष सोडावा लागला तर मी कुठे उभा राहून बोलू? आणि माझे बोलणेच बंद झाले तर जामसिंगचा काय फायदा होणार, हाही विचार मनात येतो. मग तो विचार कोणाच्या सोयीचा आहे हेही मनात येते.

माझ्या हातून चूक झाली, हिंमतराव. मोठी चूक. पण चूकच. मला हे वेळेवर दिसले नाही. एवढ्यावर तरी विश्वास ठेव आणि जामसिंगलाही तसे सांग.

तुझा,
रिखबचंद


मुंबई,
३० एप्रिल १९३८

हिंमतराव,

तुझ्या अक्षरातले जामसिंगचे पत्र मिळाले. त्यात तुझा स्वतःचा एक शब्द नाही. कुशल विचारलेले नाही, खाली नाव नाही. जामसिंगने सांगितले आणि तू उतरवून घेतलेस, तेवढेच.

"त्याले सांग, चूक व्हयनी ते समजनं. वाळूमा उभा राहीसन बोलना व्हता, आते बी तठेच ये, समदासना समोर. आनि येवढंच सांग, हाई सूट मांगी कोन्ही?"

तू माझी दोन्ही पत्रे त्याला वाचून दाखवली असणार. तू फसलास की नाही मला माहीत नाही. तो फसला नाही. ज्याला अक्षर येत नाही त्याने माझ्या चार पानांत जे नव्हते नेमके त्यावरच बोट ठेवून विचारले.

तर सांगतो.

भाईसा मुंबईस आले होते असे मी लिहिले होते. त्यांची प्रकृती, केर-सांगरी, पापड, सगळे लिहिले. ते का आले होते ते लिहिले नाही. समितीत सातवे कलम चर्चेला निघण्याच्या आदल्या दिवशी ते आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ, पूजा करून सतरंजीवर बसले, डबा उघडला, माझ्या ताटात आधी वाढले. वडील गेल्यापासून ते मला आधी वाढतात. मग म्हणाले, "रिखब, वाळूत त्या लोकांना बसवून तू माझी लाज काढलीस. मी काही बोललो का?"

"नाही, भाईसा."

"पैसे मोजा म्हणालास, मोजले. आता म्हणे सरकारी माणूस गादीवर येणार, आणि मिठाचा भाव आणि चारोळीचा भाव शेजारी शेजारी लिहून घेणार. वडिलांनी ते कधी लिहिलं नाही, मी लिहिलं नाही. तुझं पुण्याचं कॉलेज त्यातूनच झालं, तेही कुठे लिहिलेलं नाही."

मी म्हटले, "मग मी काय करू?"

"माझ्यासाठी काही करू नको. तू कशाला माझ्यासाठी करशील? त्या डोंगरातल्या लोकांसाठी कर. त्यांच्या टोपलीवर कर नको, अदलाबदल मोकळी सोडा, असं म्हण. तू चांगलं बोलशील."

आणि पापड मोडून माझ्या ताटात ठेवला.

हिंमतराव, मी चांगले बोललो. तुला वाटेल की मी खोटे बोलायचे ठरवून समितीत गेलो. तसे झाले असते तर बरे होते, निदान मला ते आठवले असते. मी खोलीवरून निघालो तेव्हा ते वाक्य भाईसांचे होते. समितीच्या जिन्यापर्यंत आलो तोवर ते माझे झाले होते. टेबलाशी बसलो तेव्हा फुलीबाई माझ्या डोळ्यांपुढे खरोखर उभी होती, तिची टोपली, तिच्या पायांवरची धूळ, सगळे खरे. मी तिच्यासाठीच बोलत होतो. माझा आवाजसुद्धा भरून आला. रमिलाबाईंनी दुकानाचे विचारले तेव्हा मात्र एक क्षण सगळे लख्ख दिसले. भाईसांची गादी दिसली. आई दिसली. आई मीठ देताना मापात अलगद ओतायची, आणि चारोळी घेताना माप हलवून, ठोकून, दाबून भरून घ्यायची. लहानपणी मला वाटे की सगळ्या जगात असेच मोजतात. त्या एका क्षणात मी उत्तर देऊ शकलो असतो. "दुकान माझ्या भावाचे आहे, बाई." पाच शब्द. त्याऐवजी मी मिठाच्या लढ्यावर पाव तास बोललो.

म्हणून मला वेळेवर दिसले नाही असे जे लिहिले, ते खरे नाही. दिसले होते. सूट माझ्या भावाने मागितली आणि मी ती मिळवून दिली. जामसिंगच्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

बावीस तारखेला दुरुस्तीची सूचना कचेरीत दिली. पंचवीसला दुपारी सातवे कलम चर्चेला निघाले. सभापतींनी नाव पुकारले तसा मी उभा राहिलो. गॅलरीत पन्नासेक माणसे होती. माझे नाव ऐकून काही पुढे सरकून बसली, त्यांना बहुधा बरे भाषण ऐकायला मिळेल असे वाटले. मी एवढेच म्हणालो:

"अदलाबदलीला दिलेली सूट मी मागितली होती. ती डोंगरातल्या लोकांसाठी आहे असं मी सांगितलं. तळोद्यात मीठ देऊन चारोळी घेणारं सर्वांत मोठं दुकान माझ्या भावाचं आहे, आणि सूट त्यांनी मागितली होती. ती काढून टाकावी."

खाली बसलो. मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "झालं?" थोडा हशा झाला. एकाने हरकत घेतली की समितीत काय झाले ते सभागृहात सांगणे नियमाविरुद्ध आहे. सभापतींनी हरकत मान्य केली. म्हणजे मी जे बोललो त्यातले निम्मे कामकाजात छापलेही जाणार नाही. अनुमोदन रमिलाबाईंनी दिले. दुरुस्तीच्या बाजूने नऊ हात वर झाले. विरुद्ध किती ते मोजायची गरज पडली नाही.

सूट कायम आहे. कायदा मंजूर झाला.

जिन्यात रमिलाबाई भेटल्या. मी त्यांना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "मला नमस्कार करू नका, भाई. त्या दिवशी मला कळलं होतं. तरी सही माझीही आहे. तुम्ही इतकं सुंदर बोललात की पुन्हा विचारायला मला संकोच वाटला." आणि पदर सावरत खाली उतरून गेल्या. या वाक्याने मला जेवढे लाजवले तेवढे प्रतोदांच्या नोटिशीने लाजवले नाही. नोटीस आली आहे. आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. खुलासा करण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेले नाही, त्यामुळे ते पत्र लहान होईल.

भाईसांचे काही आले नाही. भाभीचे आले. तिला लिहायला मीच शिकवले होते, दुकानातल्या पाटीवर. दोन ओळी आहेत. "ते कोणाशी बोलत नाहीत. दुकानावर येऊ नका, घरी यायचे तर मागल्या दाराने या, मी कडी काढून ठेवीन." हे पत्र मी पुष्कळ वेळा वाचले. ती कडी काढून ठेवील हे मला ठाऊक आहे, आणि ताट वाढून ठेवील हेही. मी त्या दाराने जाणार नाही. तिला तसे लिहायला मात्र अजून हात धजत नाही.

जामसिंगला माझ्याकडून काही आशा लावू नकोस. मी काही जिंकून येत नाही. त्याला पुन्हा वाळूवर बसावे लागेल. गेल्या वर्षी समोर दुकानदार होते, या वर्षी दुकानदारांच्या हातात कायदा असेल, आणि त्यातले ते कलम माझे आहे. पुढे कधी ते काढता येईल का, मला माहीत नाही. पुढच्या निवडणुकीत मला कोणी उभे करील असे वाटत नाही, आणि केले तर मी काय बोलेन तेही सुचत नाही.

पण त्याने बोलावले आहे, तर येतो. पुढच्या बाजाराला नंदुरबारहून सकाळच्या मोटारीने उतरेन. भाषण करणार नाही. मला जे वर लिहिले तेवढेच सांगायचे आहे, आणि ते त्याने त्याच्या लोकांना त्यांच्या बोलीत सांगावे, कारण मला ती बोली येत नाही. इतकी वर्षे त्यांच्यासाठी बोललो, आणि ती शिकलो नाही, हे आता लिहितानाच ध्यानात आले.

फुलीबाई तिथे असेल. मला सगळ्यांत भीती तिची वाटते. तिने काही विचारले नाही तर मी काय करावे, ते तू सांग. समितीच्या खोलीत मी तिची टोपली हातात धरून बोललो आणि तिला ते ठाऊकही नाही. आता ते तिला सांगावे लागेल.

मला कुठे उभे करायचे ते जामसिंगने ठरवावे. नदीतल्या वाळूत, किंवा भाईसांच्या ओट्यासमोर. ओट्यासमोर म्हणाला तर माझी ना नाही. भाईसा गादीवर असतील, भाभी आतून ऐकत असेल, तरी. आणि त्याने ऐकून घेऊन परत जा म्हटले तर परत जाईन. तू मध्ये पडू नकोस. माझ्या बाजूने एक शब्द बोलू नकोस. तुझ्या घरी उतरू का, हे मी विचारत नाही. बाजार उठल्यावर तुला बोलवावेसे वाटले तर बोलव.

तुम्ही दोघे नेमून द्याल त्या जागी उभा राहणारा,
रिखबचंद